जाहीर झालं, पण येणार का? नव्या कॉम्प्युटर हार्डवेअरच्या घोषणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसंच बीदर-भालकी आणि कारवार-हल्याळ भागातले ग्राहक, कॉलेजं आणि दुकानदार यांच्यासाठी. ‘नवीन येतंय, थोडं थांबा’ हे वाक्य खडेबाजारातल्या काउंटरपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळीकडे कानावर पडतं. थांबावं का, पैसे अडकवावेत का, आणि अडकलेच तर काय करावं, याची उत्तरं खाली आहेत.

मोठ्या कंपनीने स्वतः जाहीर केलेली वस्तूही येत नाही, असं खरंच होतं का?

होतं. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये फोन, घड्याळ आणि इअरफोन एकाच वेळी चार्ज करणारी ‘एअरपॉवर’ दाखवली आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द केली. मायक्रोसॉफ्टचा दोन पडद्यांचा ‘सरफेस निओ’ ऑक्टोबर २०१९ मध्ये मंचावर आला, २०२० च्या अखेरीस विक्रीला येणार होता. दुकानात कधीच पोचला नाही. इंटेलच्या ‘लाराबी’ ग्राफिक्स चिपचे तपशील २००८ मध्ये जाहीर झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये ग्राहकांसाठीचं कार्ड गुंडाळलं गेलं. भाग हवे तसे बदलता येणारा फोन, गूगलचा ‘प्रोजेक्ट आरा’, २०१३ ते २०१६ एवढाच जगला.

मुळीच न येणं हा मात्र यातला एकच प्रकार. वस्तू येते, पण सांगितली तशी नसते, हे त्याहून जास्त वेळा घडतं. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये नवी मेमरी जाहीर केली तेव्हा ‘नँड फ्लॅशच्या (एसएसडी-पेन ड्राइव्हमधल्या मेमरीच्या) हजारपट वेग’ असा दावा होता. २०१७ मध्ये ती ‘ऑप्टेन’ नावाने आली. चांगलीच वेगवान होती, पण हजारपट सोडाच, प्रत्यक्ष वापरात फरक त्याच्या जवळपासही नव्हता. २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच बंद करत असल्याचं सांगितलं. एनव्हिडियाने सप्टेंबर २०२२ मध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप ४०७० टीआय या नावाने, १०० डॉलर कमी किमतीत आणली. ह्युमेन कंपनीची कपड्याला लावायची ‘एआय पिन’ तर २०२४ मध्ये लोकांच्या हातात आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व्हर बंद झाल्यावर निकामी झाली. म्हणून ‘येणार का?’ एवढंच विचारून भागत नाही. काय येणार, कितीला येणार आणि किती दिवस चालणार, हेही विचारावं लागतं.

तयार नसलेली वस्तू कंपन्या आधीच जाहीर का करतात?

बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याचं गिऱ्हाईक थांबवून धरायला. हे फार जुनं आहे. कंट्रोल डेटा कंपनीचं ६६०० हे मशीन बाजारात असताना आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम-३६० मालिकेतल्या त्याहून वेगवान मशीनची घोषणा केली. ते मशीन तयार नव्हतं, पण ग्राहक थबकले. कंट्रोल डेटाने १९६८ मध्ये कोर्टात दावा लावला आणि १९७३ मध्ये तडजोड झाली. दुसरं कारण गुंतवणूकदार: भांडवल उभं करायचं असेल तर पुढच्या दोन वर्षांचा नकाशा दाखवावाच लागतो. तिसरं कारण अगदी प्रामाणिक आहे. मदरबोर्ड, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तयारीला वेळ हवा असतो, त्यामुळे प्रोसेसर कंपनीला आधी बोलावंच लागतं.

आधी बोलणं अंगाशीही येतं. उचलून नेता येणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या ऑस्बोर्न कंपनीने १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा लवकर सुरू केली, चालू मॉडेलची मागणी आटली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळं निघालं. दिवाळ्याला इतरही कारणं होती, पण कंपन्यांनी तेवढा धडा पक्का लक्षात ठेवला आहे.

चिप नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे बातमीवरून कसं ओळखायचं?

बातमीतलं क्रियापद बघा. ‘डिझाइन पूर्ण’, ‘टेप-आउट’, ‘पहिलं सिलिकॉन’, ‘सॅम्पलिंग’ आणि ‘व्हॉल्यूम प्रॉडक्शन’ हे पाच वेगवेगळे टप्पे आहेत. मराठी बातमीत मात्र पाचही ठिकाणी ‘चिप तयार’ असंच छापून येतं.

टेप-आउट म्हणजे आराखडा कारखान्याकडे सोपवला. हा साखरपुडा, लग्नाला अजून अवकाश आहे. आधुनिक प्रक्रियेत वेफर (ज्यातून चिपा कापतात ती सिलिकॉनची चकती) कारखान्यातून बाहेर यायला साधारण तीन महिने जातात. मग पहिली चिप बोर्डावर बसवून जिवंत करायची, चुका शोधायच्या, दुरुस्त आराखडा पुन्हा पाठवायचा. पहिल्या आवृत्तीला बहुधा ‘ए-झिरो’ म्हणतात. नुसत्या जोडणीच्या धातूच्या थरांत बदल करून भागलं तर आकडा बदलतो आणि ‘ए-वन’ होतं. खालच्या थरापासून बदल करावा लागला तर अक्षर बदलतं आणि ‘बी-झिरो’ होतं. म्हणजे आणखी एक पूर्ण फेरी, आणखी काही महिने. टेप-आउटपासून दुकानापर्यंत वर्षभर लागणं अगदी सामान्य आहे. ‘टेप-आउट झालं, पुढच्या तिमाहीत विक्री’ असं कोणी म्हणत असेल तर ते गणितच बसत नाही.

‘सॅम्पलिंग’चा अर्थ निवडक कंपन्यांना तपासायला नमुने दिले, एवढाच. त्याचा विक्रीशी संबंध नाही. ‘रिस्क प्रॉडक्शन’ म्हणजे प्रक्रिया पूर्ण पक्की व्हायच्या आधी ग्राहकाच्या जोखमीवर काढलेला माल. आमच्या मते ‘व्हॉल्यूम प्रॉडक्शन सुरू’ हे शब्द आल्यावरच कॅलेंडरकडे बघायला हरकत नाही.

तारखांतही एक मेख असते. कंपनीचं आर्थिक वर्ष आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नसतं. एनव्हिडियाचं वर्ष जानेवारीअखेर संपतं, त्यामुळे त्यांचं ‘आर्थिक वर्ष २०२६’ म्हणजे जवळजवळ सगळं २०२५ साल. ‘चौथी तिमाही’ वाचून जानेवारी-मार्च समजू नका.

चिप तयार असली तरी लॅपटॉप किंवा छोटा पीसी का अडकतो?

कारण चिपपेक्षा पेटी त्रास देते. तयार वस्तूला चार पायऱ्या असतात: ईव्हीटी (सर्किट चालतं का), डीव्हीटी (पूर्ण रचना, उष्णता, पडल्यावर टिकणं), पीव्हीटी (कारखान्याच्या खऱ्या लाइनवर छोटी खेप), आणि मग मुख्य उत्पादन. नवख्या कंपन्या पहिल्या पायरीवरचा नमुना दाखवून ऑर्डरी घेतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पैसे संपतात.

सगळ्यात जास्त वेळ प्लास्टिकचा साचा खातो. बेळगावच्या उद्यमबागेत डाय (साचे) बनवणाऱ्या कोणालाही विचारा. पहिल्या शॉटला कडेला फ्लॅश (जादा प्लास्टिकची पातळ कड) येतो, जाड भागाच्या मागे खळगा पडतो, स्क्रूचा बॉस (स्क्रू बसायचा उंचवटा) अर्धा मिलिमीटर सरकलेला निघतो. साचा उतरवायचा, घासायचा किंवा वेल्ड करून पुन्हा मशीनवर घ्यायचा, परत शॉट मारायचा. अशा दोन-तीन फेऱ्या गृहीत धराव्याच लागतात आणि प्रत्येक फेरी आठवड्यांत मोजली जाते. साच्याचा खर्च लाखांत असतो आणि तो एक नग विकायच्या आधी करावा लागतो. म्हणून ‘साचा कटिंगला गेला का?’ हा प्रश्न ‘प्रोसेसर कोणता?’ याच्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

मंचावर वस्तू हातात धरून दाखवली, व्हिडिओही आहे. तरी शंका घ्यायची?

घ्यायची, पण टोकाला जाऊन नव्हे. सप्टेंबर २००९ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी ‘फर्मी’ चिपचं कार्ड म्हणून एक बोर्ड हातात उंच धरून दाखवला. लोकांनी फोटो मोठा करून बघितला, तर पाठीमागे लाकडात मारतात तसले स्क्रू होते, बोर्डची कड करवतीने कापल्यासारखी, आणि पॉवर कनेक्टरच्या पिना बोर्डवरच्या सोल्डरच्या जागांशी जुळत नव्हत्या. ती नुसती प्रतिकृती होती आणि कंपनीने तसं मान्यही केलं. तरी कार्ड आलं: जीटीएक्स ४८०, मार्च २०१० अखेर, म्हणजे सहा महिन्यांनी. खोटा नमुना दाखवला म्हणून वस्तू येणारच नाही, असं नाही. ती आज तयार नाही, एवढं मात्र पक्कं.

डेमोत चार गोष्टी बघा. पॉवरची वायर कुठून येते? पंख्याचा आवाज ऐकू येतो का, की नुसतं संगीत लावलंय? पडद्यावर चालणारं काम त्याच पेटीतलं आहे, की टेबलाखालच्या दुसऱ्या मशीनचं? आणि पाहुण्यांना हात लावू देतात का? काचेच्या पेटीत ठेवलेली, बंद पडद्याची वस्तू म्हणजे बहुधा आकाराचा नमुना.

दाव्यातले आकडे घरबसल्या तपासता येतात का?

बरेच येतात. कागद-पेन पुरतं.

‘छोट्या पेटीत ७० अब्ज पॅरामीटरचं एआय मॉडेल सेकंदाला २० टोकन वेगाने, किंमत वीस हजार’ अशी जाहिरात घ्या. पॅरामीटर म्हणजे मॉडेलमध्ये साठवलेले आकडे, टोकन म्हणजे उत्तरातला शब्दाचा तुकडा. हे मॉडेल ४ बिटांत दाबलं तरी साधारण ४० जीबी होतं. प्रत्येक टोकनसाठी ते अख्खं मेमरीतून वाचावं लागतं. म्हणजे २० टोकनला सेकंदाला ८०० जीबी वाचन हवं. साध्या पीसीत डीडीआर५-५६०० च्या दोन चॅनेलचा कमाल वेग सेकंदाला ८९.६ जीबी, म्हणजे दोन टोकन, फार तर थोडे जास्त. सेकंदाला १००८ जीबी देणारं आरटीएक्स ४०९० घेतलं तर त्यात मेमरी २४ जीबीच आहे, मॉडेल मावतच नाही. मॉडेलचा थोडाच भाग प्रत्येक टोकनला वापरणारे ‘मिक्श्चर ऑफ एक्स्पर्ट्स’ प्रकार या हिशोबाला अपवाद. पण मग जाहिरातीत तसं लिहिलेलं असायला हवं.

बॅटरी: ६० वॉट-तासांची बॅटरी २० तास चालवायची तर सरासरी ३ वॉटच वापरायला मिळतात. निम्म्या उजेडावर नुसता पडदाच त्यातला मोठा वाटा खातो. ‘२० तास’ म्हणजे व्हिडिओ चालू, वायफाय बंद, उजेड कमी, असं समजा.

उष्णता: बिनपंख्याच्या पातळ लॅपटॉपला सतत १० ते १५ वॉटपर्यंतच उष्णता बाहेर टाकता येते. त्यात ‘गेमिंग दर्जाचं ग्राफिक्स’ सांगत असतील तर ते पहिल्या दोन मिनिटांपुरतं. बेळगावची हवा मवाळ म्हणून थोडं चालून जाईल, बीदरच्या मे महिन्यात नाही.

‘टॉप्स’ (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) हा आकडा नुसता वाचून सोडून द्या. तो ८ बिटांचा की ४ बिटांचा, फक्त एनपीयूचा (एआयच्या कामांसाठीच्या भागाचा) की सीपीयू-जीपीयू धरून, हे लिहिलं नसेल तर तुलना होत नाही.

भारतात विक्रीला येण्याआधी कोणत्या सरकारी खुणा दिसतात?

लॅपटॉप, टॅब्लेट, छोटा पीसी, मॉनिटर, चार्जर आणि पॉवर बँक यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी लागते. २०१२ च्या आदेशापासून ही पद्धत आहे. नोंदणी असलेल्या वस्तूवर ‘आर-’ आणि पुढे आठ आकडे छापलेले असतात, सोबत मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ आयएस १३२५२. तपासायचं असं: फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, त्यात आर-नंबर पडताळण्याचा पर्याय उघडा, नंबर टाका. उत्पादक, ब्रँड आणि मॉडेलं दिसतात. इथे घाई करू नका. नंबर खरा निघाला म्हणजे काम झालं, असं नाही. तो त्याच ब्रँडचा आणि त्याच मॉडेलचा आहे का, हे जुळवा. दुसऱ्याचा नंबर उचलून छापणारे आहेत. नुसत्या चार्जरवरचा नंबर दाखवून ‘आमचा पीसी प्रमाणित आहे’ म्हणणारेही आहेत. चार्जरचा नंबर चार्जरपुरता.

वायफाय-ब्लूटूथ असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही वायरलेस उपकरणांची मंजुरी लागते आणि ती ‘सरल संचार’ पोर्टलवरून होते. परदेशी वस्तूसाठी अमेरिकेच्या एफसीसीची (तिथल्या दूरसंचार आयोगाची) नोंदही बघण्यासारखी असते. आतले फोटो काही काळ गोपनीय ठेवता येतात, पण नोंद आणि मंजुरीची तारीख दिसते. दोन महिन्यांवर विक्री आली आणि यातली एकही खूण नाही, तर ती तारीख विसरा.

ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम यांसारख्या सुट्या भागांना हा आर-नंबरचा मार्ग लागू पडत नाही. तिथे ड्रायव्हर बघा. इंटेल आणि एएमडी नव्या चिपसाठी लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) कोड विक्रीच्या बरंच आधी घालू लागतात. महिनाभरावर विक्री असूनही कर्नलमध्ये काहीच नाही, तर काहीतरी पुढे ढकललं गेलंय. लॅपटॉपमध्ये भारतासाठीचा पार्ट नंबर शोधा. लेनोवोच्या भारतीय मॉडेलांच्या पार्ट नंबरच्या शेवटी ‘आयएन’ असतं. तसा नंबर कंपनीच्या सपोर्टच्या पानावर दिसला की माल खरंच भारताकडे निघालाय असं धरायला हरकत नाही.

लीक झालेले बेंचमार्क (वेगाच्या चाचण्यांचे आकडे) आणि कस्टमच्या नोंदी यांवर विश्वास ठेवावा का?

चिप अस्तित्वात असल्याचा कच्चा पुरावा, बाकी काही नाही. बेंचमार्कच्या यादीतलं नाव बदलता येतं. रशिया आणि शेजारच्या काही देशांच्या युरेशियन आयोगाकडे कंपन्या डझनावारी नावं आधीच नोंदवून ठेवतात आणि त्यातली कित्येक कधीच वापरत नाहीत.

सरळ फसवणूक आणि फसलेलं काम यांत फरक कसा करायचा?

फसलेल्या कामात सुट्या भागांची किंमत तरी बसते. फसवणुकीत तीच बसत नाही. फेब्रुवारी २०१६ मधला २५१ रुपयांचा ‘फ्रीडम २५१’ फोन आठवा. लोकांना दाखवलेल्या नमुन्यावर व्हाइटनर लावून खालचं दुसऱ्याच ब्रँडचं नाव झाकलेलं होतं. कितीही स्वस्त भाग घेतले तरी असा फोन साडेतीन हजारांच्या आत बसत नाही, असं मोबाइल उद्योगाच्या संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. अमेरिकेत बिटकॉइन खणायची मशीनं विकणाऱ्या ‘बटरफ्लाय लॅब्ज’वर २०१४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, आगाऊ पैसे घेऊन माल एकतर दिला नव्हता, किंवा इतक्या उशिरा दिला की त्याचा उपयोग संपला होता. हा दुसरा प्रकार जास्त बारकाईने बघावा, कारण तिथे वस्तू अस्तित्वात होती. उशीर हेच नुकसान होतं.

डॉलरमधली किंमत वाचून बेळगावातली किंमत कशी काढायची?

अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. विनिमय दराने गुणा, १८ टक्के जीएसटी घाला, वर वितरकाचा आणि दुकानाचा वाटा. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० ची किंमत ५४९ डॉलर जाहीर झाली. ८६ च्या दराने ४७,२१४ रुपये, जीएसटी धरून सुमारे ५५,७००. भारतातली जाहीर किंमत होती ५९,०००. म्हणजे कागदावरचा फरक फार नव्हता. पण त्या किमतीला कार्ड मिळणं ही वेगळी गोष्ट. पहिले काही आठवडे दुकानं कार्डाबरोबर पॉवर सप्लाय किंवा कॅबिनेट गळ्यात मारतात. घोषणेची किंमत कंपनीवर बंधनकारक नसते, हेही ध्यानात असू द्या.

दुकानदार म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात येतंय, पाच हजार टोकन ठेवा.’ ठेवू का?

त्याला दोन प्रश्न विचारा: वितरक कोण, आणि पार्ट नंबर काय? आपल्याकडचा माल हुबळी, बेंगळूर, मुंबई किंवा कोल्हापूर-पुण्याच्या वितरकांमार्फत येतो. दुकानदाराला खरंच वाटप मिळालं असेल तर दोन्ही उत्तरं लगेच मिळतात. ‘कंपनीचा माणूस म्हणाला’ हे उत्तर नव्हे.

ठेवायचंच ठरलं तर कच्च्या चिठ्ठीवर नको. पावतीवर चार ओळी हव्यात: पूर्ण पार्ट नंबर, ‘अमुक तारखेपर्यंत माल न आल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत’, किंमत आजची की माल येईल त्या दिवशीची, आणि दुसरं मॉडेल घेण्याची सक्ती नाही. टोकन परत देताना ‘जीएसटी भरून झालाय, तेवढा कापावा लागेल’ असं ऐकू आलं तर मान्य करू नका. नोव्हेंबर २०१७ पासून मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो.

धंद्यासाठी कोल्हापुरातून घेत असाल तर आणखी एक गोष्ट. बिलावर तुमचा कर्नाटकातला जीएसटी नंबर आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) हवा. महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल आणलंत तर त्याचं क्रेडिट इकडे मिळत नाही.

मग थांबू की आत्ता घेऊ?

भारतातली किंमत, तारीख आणि विक्रेत्यांची नावं जाहीर झाली असतील आणि तुमचं काम अडलेलं नसेल, तर चार-पाच आठवडे थांबायला हरकत नाही. फक्त तिमाही सांगितली असेल तर थांबू नका. नुसता पुढच्या वर्षाचा नकाशा दाखवला असेल तर ती बातमी वाचलीच नाही असं समजा. नवीन आलं की जुनं स्वस्त होतं, यावरही विसंबू नका. २०२५ च्या अखेरीस एआय सर्व्हरांच्या मागणीमुळे रॅम महाग होत गेली, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रूशल’ या ब्रँडखाली ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. थांबलेल्यांना जुनाच माल जास्त पैशांत घ्यावा लागला.

सरकारी स्वस्त कॉम्प्युटरच्या घोषणांचं काय? कर्नाटकचा ‘केओ’ घ्यावा का?

आधी इतिहास. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांच्या पुढाकाराने आलेला ‘सिम्प्युटर’ २००१ च्या सुमारास जगभर गाजला. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीला आला तो २००४ मध्ये, आणि काही हजारांपलीकडे खपला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेट आला. ३६६ मेगाहर्ट्झ प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोट जोरात दाबावं लागणारा पडदा. जरा वापरण्याजोगी दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली, तोवर बाजारात त्याच्या आसपासच्या किमतीत खासगी टॅब्लेट येऊ लागले होते. दोन्ही वस्तू आल्या, खोट्या नव्हत्या. पण घोषणेनंतर बाजार पुढे सरकला आणि किमतीतला फायदा निघून गेला.

कर्नाटक सरकारच्या केओनिक्स कंपनीचा ‘केओ’ हा छोटा कॉम्प्युटर नोव्हेंबर २०२५ मध्ये बेंगळूर टेक समिटमध्ये १८,९९९ रुपये किमतीत पुढे आला. त्यात इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, रिस्क-फाइव्ह पद्धतीचा प्रोसेसर आहे, आणि या प्रोसेसरावर विंडोज चालत नाही. म्हणजे टॅली, श्रीलिपी, कोरलड्रॉ आणि विंडोजवरचं नुडी जसंच्या तसं चालणार नाही. डीटीपीच्या किंवा अकाउंटच्या कामाला तो नको. शाळेत ब्राउझर, लिब्रेऑफिस, पायथन आणि युनिकोडमधलं मराठी-कन्नड टायपिंग एवढंच हवं असेल तर लिनक्सवर ते भागतं. पण घेण्याआधी तुमच्या गावात मिळतो का, बंद पडल्यावर कुठे द्यायचा आणि पडदा-कीबोर्ड धरून एकूण किती पडतो, याचा हिशोब करा.

इस्रोची ‘विक्रम’ चिप आली. आता स्वदेशी लॅपटॉप कधी?

तिचा लॅपटॉपशी संबंध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलेली विक्रम ३२०१ ही ३२ बिटांची, १८० नॅनोमीटरची चिप प्रक्षेपकांसाठी आहे. तिथे वेगापेक्षा टिकाऊपणा लागतो. कारखान्यांच्या घोषणाही अशाच निवांत वाचाव्यात. वेदांत-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला की गुजरातला, यावर २०२२ मध्ये केवढं रण माजलं! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली आणि भागीदारीच संपली.

कॉलेजच्या लॅबसाठी खरेदी आहे. अजून न आलेला प्रोसेसर टेंडरमध्ये लिहावा का?

मुळीच नाही. मार्चअखेर निधी खर्च करायचा असतो, आणि माल न आल्याने निधी परत जातो किंवा घाईत कसलाही माल स्वीकारला जातो. ‘निविदा उघडण्याच्या दिवशी भारतात विक्रीस उपलब्ध असलेलं मॉडेल’ अशी अट घाला. पूर्ण पार्ट नंबर, उत्पादकाचं अधिकारपत्र, बीआयएस आर-नंबर आणि ऑन-साइट वॉरंटी मागा. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला काय लागतं ते आधी बघा. व्हीटीयूच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग प्रयोगांना सर्वांत नवं मशीन लागत नाही, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं गेल्या पिढीचं पुरतं.

पुरवठादाराने ‘समकक्ष किंवा वरचं’ मॉडेल देतो म्हटलं तर समकक्ष कुणी ठरवायचं, हे टेंडरमध्येच लिहा. नाहीतर प्रोसेसरचं नाव तेच राहतं, आणि दोन रॅम स्लॉटऐवजी सोल्डर केलेली ८ जीबी येते. पैसे द्यायचे ते मशीनं बसवून, चालू करून दिल्यावर, आगाऊ नाही.

किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पैसे लावावेत का?

बुडाले तर चालतील, एवढेच लावा. वस्तू बनवण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा करणारी ही वेबसाइट; तिथे तुम्ही ग्राहक नसता, प्रकल्पाला हातभार लावणारे असता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकाने २०१५ मध्ये किकस्टार्टरवर पैसे लावणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. उशीर तर नेहमीचाच. वस्तू आली तरी कस्टम ड्यूटी वेगळी, आणि लॅपटॉप-टॅब्लेट असेल तर ऑगस्ट २०२३ च्या निर्बंधांनंतर कुरिअर किंवा पोस्टाने परवान्याशिवाय एकच नग आणता येतो. दुरुस्ती इथे होत नाही.

पैसे भरले, तारीख उलटली, विक्रेता पुण्या-मुंबईचा आहे. तक्रारीला तिकडे जावं लागेल?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता कुठल्या राज्यातला, याने फरक पडत नाही. निपाणीच्या माणसाला बेळगावचा आयोग चालतो, भालकीच्या माणसाला बीदरचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

क्रम असा ठेवा. जाहिरातीचं पान, कबूल केलेली तारीख आणि परताव्याच्या अटी यांचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच घ्या. ही पानं रातोरात बदलतात. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि ‘पूर्ण परतावा हवा’ असं स्पष्ट लिहा. ऑनलाइन विक्रेत्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर ई-जागृती पोर्टलवर तक्रार.

क्रेडिट कार्डाने भरले असतील तर या सगळ्याबरोबरच बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ म्हणून चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागा. त्याची मुदत साधारणपणे माल मिळायच्या तारखेपासून १२० दिवस असते, आणि विक्रेता ‘अजून महिनाभर’ म्हणत ती निघून जाऊ देतो. नवी तारीख मान्य असल्याचं लेखी देऊ नका. यूपीआयने स्वतः पाठवलेले पैसे असे परत मिळवणं जास्त अवघड, म्हणून आगाऊ नोंदणी करायचीच असेल तर कार्डानेच करा. वेबसाइटच गायब झाली असेल तर हे फसवणुकीचं प्रकरण आहे: लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत तक्रार पोचली, तरच ते गोठवता येतात.